दुसऱ्या महायुद्धातील विमानांची नावे: एकाच विमानाला तीन-तीन नावे कशी पडली?

प्रतिकृतीकार

आमच्या गावातील प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्या हौशी मंडळींचा गट येत्या दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे एक छोटे प्रदर्शन भरवत आहे. प्रत्येक प्रतिकृतीसमोर मराठीत चार-पाच ओळींची पाटी ठेवायची असून ते काम माझ्याकडे आले आहे, आणि पहिल्याच ओळीला, म्हणजे विमानाच्या नावापाशीच, माझे घोडे अडले आहे. कर्टिस पी-४० या एकाच अमेरिकी विमानाचे तीन संच आमच्याकडे आहेत; एकाच्या खोक्यावर 'टॉमाहॉक' छापले आहे, दुसऱ्यावर 'किटीहॉक' आणि तिसऱ्यावर 'वॉरहॉक'. जपानच्या 'झिरो'ला काही पुस्तके 'झीक' म्हणतात. मेसरश्मिट १०९ च्या आधी कोणी 'बीएफ' लिहितो, तर कोणी 'एमई'. ब्रिटिश विमानांना शहरांची आणि वादळांची नावे आहेत, रशियन विमानांना मात्र नुसती दोन अक्षरे आणि एक आकडा.

ही नावे नेमके कोण ठेवत असे, त्यांमागे काही नियम होता का, आणि मुलांसाठीच्या पाटीवर त्यांपैकी कोणते नाव लिहिणे योग्य ठरेल, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

घारपक्षी

ब्रिटिशांपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे रूढ झालेली बहुतेक नावे त्यांच्याच वाटेने आली आहेत.

विमानाने करायच्या कामावरून त्याच्या नावाचा वर्ग ठरवण्याची पद्धत ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने युद्धापूर्वीच पाडली होती. जड बॉम्बफेकी विमानांना शहरांची नावे दिली जात. लँकेस्टर, हॅलिफॅक्स, स्टर्लिंग ही त्यातलीच. लढाऊ विमानांच्या नावात वेग, वादळ किंवा आक्रमक वृत्ती असे, म्हणून हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट, डिफायंट. प्रशिक्षणाच्या विमानांची नावे विद्येच्या प्रांतातली होती: ट्यूटर, मॅजिस्टर, ऑक्सफर्ड. नौदलाच्या टॉर्पेडो विमानांना माशांची नावे मिळाली: स्वोर्डफिश, अल्बाकोर, बॅराकुडा. रोल्स-रॉइस कंपनीने तर आपल्या इंजिनांनाही शिकारी पक्ष्यांची नावे दिली होती. केस्ट्रेल, मर्लिन आणि व्हल्चर ही तिन्ही नावे पाट्या लिहिताना आपल्याला भेटतील, आणि लँकेस्टरची गोष्ट तर त्यांच्याशिवाय सांगताच येणार नाही. अ‍ॅव्ह्रो कंपनीचे 'मँचेस्टर' हे दोन व्हल्चर इंजिनांचे विमान इंजिनांच्या सततच्या बिघाडामुळे फसले. त्याच सांगाड्याला लांब पंख आणि चार मर्लिन इंजिने लावून जे विमान तयार झाले त्याचे आरंभीचे नाव 'मँचेस्टर ३' असे होते. ९ जानेवारी १९४१ रोजी ते प्रथम उडाले आणि पुढे 'लँकेस्टर' झाले. फसलेल्या विमानाचे नाव यशस्वी विमानाला चिकटू न देणे शहाणपणाचे होते, असे मला वाटते. ज्या सात-सात जणांच्या तुकड्या त्यात बसून रात्री जर्मनीवर जाणार होत्या, त्यांच्या मनाचाही प्रश्न होताच.

स्पिटफायरचे नाव मात्र कोणत्याही तक्त्यातून आलेले नाही. व्हिकर्स कंपनीचे अध्यक्ष सर रॉबर्ट मॅकलीन आपल्या तिखट स्वभावाच्या लहान मुलीला लाडाने 'स्पिटफायर' म्हणत, आणि हेच नाव विमानाला द्यावे असा आग्रह त्यांनी धरला. विमानाचे रचनाकार आर. जे. मिचेल यांना ते मुळीच आवडले नव्हते. ५ मार्च १९३६ रोजी विमान प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगाने वारले, त्यामुळे ते नाव जगभर कसे दुमदुमले हे त्यांना पाहायला मिळाले नाही. आपल्या पाटीवर मिचेल यांचे नाव अवश्य असावे.

आता पी-४० कडे येतो. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटन आणि फ्रान्स अमेरिकेकडून मोठ्या प्रमाणावर विमाने विकत घेत होते. अमेरिकी लष्कर विमान आकड्याने ओळखत असे: लढाऊ विमानाला 'पी', बॉम्बफेकी विमानाला 'बी' आणि पुढे क्रमांक. ब्रिटिशांना आकड्यांची सवय नव्हती, त्यामुळे हाती आलेल्या प्रत्येक अमेरिकी विमानाचे त्यांनी आपल्या पद्धतीने बारसे केले. पी-४० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्यांच्याकडे 'टॉमाहॉक' झाल्या. नाकाचा आकार आणि इंजिन बदललेल्या नंतरच्या आवृत्त्यांना 'किटीहॉक' म्हटले गेले, आणि अमेरिकेने स्वतः वापरलेले नाव 'वॉरहॉक' होते. म्हणजे आपली तिन्ही खोकी बरोबर आहेत. कोणती आवृत्ती कोणत्या हवाई दलाच्या रंगात रंगवली आहे, एवढेच पाहायचे.

मस्टँग, लिबरेटर आणि लाइटनिंग ही नावे आज अस्सल अमेरिकी वाटतात, पण तीही ब्रिटिशांनीच रूढ केली. मस्टँग तर ब्रिटिश खरेदी मंडळाच्या मागणीवरूनच जन्माला आले. लॉकहीड कंपनी आपल्या पी-३८ ला ग्रीक पुराणातील 'अ‍ॅटलांटा' या वेगवान धावणाऱ्या स्त्रीचे नाव देऊ पाहत होती. ब्रिटिशांनी 'लाइटनिंग' सुचवले आणि तेच टिकले. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. ग्रमन कंपनीच्या 'वाइल्डकॅट'ला ब्रिटिश नौदल 'मार्टलेट' म्हणत असे, पण दोन्ही नौदले खांद्याला खांदा लावून लढू लागल्यावर दोन नावांचा घोळ परवडेना, तेव्हा जानेवारी १९४४ मध्ये ब्रिटिशांनी आपले नाव सोडून अमेरिकी नाव स्वीकारले.

जालनेकर

घारपक्षी यांच्या यादीत व्हिकर्स वेलिंग्टन राहिले. युद्धाच्या पहिल्या वर्षांत ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलाचा मोठा भार याच दोन इंजिनांच्या विमानावर होता. त्याला दिलेले नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, म्हणजेच आर्थर वेलस्लीचे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जालना भागातील असईच्या रणांगणावर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढलेला तो हाच सेनापती. प्रदर्शन महाराष्ट्रातील मुलांसाठी असल्याने ही ओळ पाटीवर असावी असे मला मनापासून वाटते. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले नाव विमानाच्या पाटीवर दिसले तर मूल तिथे नक्की थांबेल.

पूर्वरंग

जपानविषयी लिहितो, कारण नावांचा खरा गुंता तिथेच आहे आणि 'झिरो की झीक' या प्रश्नाचे उत्तर त्या गुंत्यातच सापडते.

जपानी विमानाचे अधिकृत नाव ते सेवेत दाखल झालेल्या वर्षावरून ठरत असे. हे वर्ष जपानच्या राजशकाप्रमाणे मोजले जाई. इसवी सन १९४० म्हणजे जपानी राजशक २६००, म्हणून त्या वर्षी दाखल झालेले मित्सुबिशीचे विमानवाहू जहाजावरील लढाऊ विमान 'शून्य प्रकार' ठरले. जपानी वैमानिक त्याला थोडक्यात 'रेइसेन' म्हणत आणि इंग्रजीत त्याचे 'झिरो' झाले. त्याच वर्षाच्या विमानांना नौदल शून्य लावत असे, तर भूदल १०० हा आकडा लावत असे. दोन्ही दलांचे आपापसांत किती पटत होते हे एवढ्यावरूनच दिसते.

या पद्धतीत शत्रूला गोंधळात टाकणारी एक अडचण होती. १९३७ साली, म्हणजे राजशक २५९७ मध्ये, नौदलाने एक टॉर्पेडो विमान घेतले आणि भूदलाने एक लढाऊ व एक जड बॉम्बफेकी विमान घेतले. तिन्हींचे नाव 'प्रकार ९७'. एखाद्या टेहळ्याने 'प्रकार ९७ येत आहे' असा संदेश पाठवला, तर तोफांजवळच्या माणसांनी नेमकी कशाची तयारी करायची? हा गोंधळ मिटवण्यासाठी १९४२ च्या मध्यास ऑस्ट्रेलियातील मित्रराष्ट्रांच्या हवाई गुप्तवार्ता विभागात कॅप्टन फ्रँक मॅककॉय यांनी एक साधी युक्ती काढली. लढाऊ विमानांना पुरुषांची नावे आणि बॉम्बफेकी विमानांना स्त्रियांची नावे द्यायची. मालवाहू विमानांना 'ट'ने सुरू होणारी स्त्रियांची, प्रशिक्षण विमानांना झाडांची आणि ग्लायडरना पक्ष्यांची. मॅककॉय अमेरिकेतील टेनेसीचे होते, म्हणून झीक, नेट, रूफ अशी तिकडची ग्रामीण नावे पहिल्या यादीत आली. वर सांगितलेली तीन विमाने मग 'केट', 'नेट' आणि 'सॅली' झाली. नाव ऐकताच ते लढाऊ आहे की बॉम्बफेकी हे कळू लागले, आणि गडबडीच्या रेडिओ संदेशातही ते ऐकण्यात चूक होईना. ही तात्पुरती यादी युद्ध संपेपर्यंत टिकली, यातच तिचे मोल आले.

या यादीतील एक प्रसंग मुलांना आवडेल. झिरोची पंखांची टोके छाटलेली नवी आवृत्ती दिसली तेव्हा ते वेगळेच विमान समजून त्याला 'हॅप' असे नाव दिले गेले. परंतु 'हॅप' हे अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री अरनॉल्ड यांचे सर्वांना ठाऊक असलेले टोपणनाव होते, त्यामुळे घाईघाईने त्याचे 'हॅम्प' करण्यात आले.

पाटीबद्दल माझे स्पष्ट मत असे: 'मित्सुबिशी ए६एम झिरो' असे लिहावे आणि दुसऱ्या ओळीत 'मित्रराष्ट्रांचे सांकेतिक नाव: झीक' असे द्यावे. गंमत अशी की यादीत झीक असूनही मित्रराष्ट्रांचे वैमानिक तोंडाने झिरोच म्हणत राहिले. त्यातून दुसरा घोळ झाला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी कळवलेले कितीतरी 'झिरो' प्रत्यक्षात जपानी भूदलाचे नाकाजिमा की-४३ होते, म्हणजे 'हायाबुसा', सांकेतिक नाव 'ऑस्कर'. दोन्ही विमाने दुरून सारखीच दिसत. आपल्याकडे की-४३ चा संच असेल आणि तो ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी रंगवला असेल, तर त्याच्यासमोर झिरोची पाटी चुकूनही ठेवू नये.

जपानी नौदलाने स्वतः १९४३ पासून आकडे मागे टाकून नावे स्वीकारली, आणि ती पद्धत मला सर्व देशांत सर्वांत देखणी वाटते. लढाऊ विमानांना वारे आणि विजा, रात्रीच्या लढाऊ विमानांना प्रकाश, बॉम्बफेकी विमानांना तारे, टेहळणीच्या विमानांना ढग, प्रशिक्षण विमानांना झाडे-फुले. 'सुइसेइ' म्हणजे धूमकेतू, 'गेक्को' म्हणजे चांदणे, 'साइउन' म्हणजे रंगीत ढग. आत्मघातकी हल्ल्यासाठी बनवलेल्या रॉकेट विमानालाही फुलाचे नाव मिळाले, 'ओका', म्हणजे चेरीचा बहर. अमेरिकी खलाशांनी त्याचे नाव 'बाका' ठेवले. जपानी भाषेत त्याचा अर्थ मूर्ख. त्यात बसवलेली मुले विशीच्या आसपासची होती, हे लक्षात ठेवून त्या प्रतिकृतीची पाटी लिहावी.

व्होल्गाकाठ

जर्मनी आणि रशिया यांबद्दल थोडक्यात लिहितो.

'बीएफ' ही बव्हेरियातील विमान कारखान्याची आद्याक्षरे होती. १९३८ मध्ये त्या कंपनीला रचनाकार विली मेसरश्मिट यांचे नाव मिळाले, त्यानंतरच्या रचनांना 'एमई' लागले, पण १०९ आणि ११० ही आधीची विमाने अधिकृत कागदपत्रांत 'बीएफ'च राहिली. पाटीवर 'मेसरश्मिट बीएफ १०९' असे लिहावे. 'स्टुका' हे खरे तर कोणत्याही सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानासाठी असलेल्या लांबलचक जर्मन शब्दाचे लघुरूप आहे; युंकर्स ८७ ने ते नाव एकट्याच्या नावावर करून घेतले. चाकांच्या पायांवर बसवलेला छोटा पंखा हवेच्या झोताने फिरून किंचाळल्यासारखा आवाज करी, त्याला 'जेरिकोची तुतारी' म्हणत. संचात हे पंखे अगदी बारीक तुकड्यांच्या रूपात येतात. ते हरवू देऊ नका.

सोव्हिएत पद्धत रूक्ष वाटते, पण तिच्यात रचनाकाराचा सन्मान आहे. १९४० च्या अखेरीस ठरले की लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानाला त्याच्या रचनाकाराच्या आडनावाची अक्षरे लावायची: याक म्हणजे याकोव्हलेव्ह, इल म्हणजे इल्युशिन, मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच. यातील पे-२ ची कथा विसरता येत नाही. व्लादिमीर पेत्ल्याकोव्ह यांनी या विमानाची मूळ रचना स्टालिनच्या तुरुंगातील रचना कार्यालयात, कैदी म्हणून केली. तेव्हा तिला नाव नव्हते, नुसता '१००' हा आकडा होता. सुटका झाल्यावर विमानाला त्यांच्या नावाची अक्षरे मिळाली, आणि जानेवारी १९४२ मध्ये पे-२ नेच प्रवास करत असताना ते कोसळून पेत्ल्याकोव्ह यांचा मृत्यू झाला. सैनिक या विमानाला 'पेश्का' म्हणत, म्हणजे बुद्धिबळातील प्यादे.

आपल्या प्रदर्शनात पो-२ असेल, तर त्याला सर्वांत पुढची जागा द्या. प्लायवूड आणि कापडाचे हे दुपंखी विमान मुळात प्रशिक्षणाचे. १९४४ पर्यंत त्याला 'यू-२' म्हणत. रचनाकार पोलिकार्पोव्ह यांच्या मृत्यूनंतर त्याचे 'पो-२' झाले. मरिना रास्कोव्हा यांनी उभारलेल्या स्त्रियांच्या ५८८ व्या रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंटने १९४२ च्या उन्हाळ्यापासून याच विमानातून हल्ले केले. लक्ष्याजवळ येताच इंजिन मंद करून विमान नुसते घसरत आणायचे, बॉम्ब टाकायचे आणि निघायचे. अंधारात तारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याची शीळ एवढाच आवाज खाली ऐकू येई. जर्मन सैनिकांनी या स्त्रियांना 'रात्रीच्या चेटकिणी' असे नाव दिले.

प्रतिकृतीकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. आणखी दोन प्रश्न विचारतो. आमच्याकडे डग्लस डाकोटाची मोठी प्रतिकृती आहे, पण खोक्यावर 'सी-४७ स्कायट्रेन' लिहिले आहे. पाटीवर काय लिहावे? आणि भारतीय हवाई दलाच्या किंवा भारताशी संबंध असलेल्या विमानांचा एक वेगळा कोपरा करायचा विचार आहे, त्यासाठी काय सुचवाल?

घारपक्षी

'डाकोटा' असेच लिहावे. ते ब्रिटिशांचे नाव आहे आणि आपल्या हवाई दलाने तेच चालवले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच. आपल्याकडे कोणीही त्याला स्कायट्रेन म्हटलेले नाही. मात्र खालच्या ओळीत याच विमानाची बाकीची नावे जरूर द्या. युद्धापूर्वी डग्लस डीसी-३ चे परवाने रशिया आणि जपान या दोघांनाही विकले गेले होते. रशियात बनलेले विमान १९४२ पासून 'ली-२' झाले, अभियंता लिसुनोव्ह यांच्या नावावरून. जपानी नौदलासाठी बनलेल्या विमानाला मित्रराष्ट्रांनी 'टॅबी' हे सांकेतिक नाव दिले, म्हणजे पूर्वरंग यांनी सांगितलेला मालवाहू विमानांचा 'ट'चा नियम इथेही पाळला गेला. डाकोटा आणि टॅबी आकाशात समोरासमोर आले, तर ओळखायला पंखांवरील निशाणापलीकडे फारसे काही उरत नसे.

भारतीय कोपऱ्यासाठी पहिली निवड हरिकेनची. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेनमधून टेहळणी करत होती. दुसरे विमान व्हल्टी व्हेंजन्स. अमेरिकी बनावटीचे, सूर मारून बॉम्ब टाकणारे हे विमान आपल्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरले. तिसरे लिबरेटर. युद्ध संपल्यावर कानपूरला भंगारात टाकलेली ही चार इंजिनांची विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केली, आणि १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलाने ती चालवली. भंगारातून उभे केलेले विमान वीस वर्षे वापरणाऱ्या त्या कारागिरांची नावे कुठे कोरलेली नाहीत. निदान त्यांचा उल्लेख पाटीवर असू द्या.

बडोदेकर

स्पिटफायरही भारतीय कोपऱ्यात ठेवता येईल. युद्धनिधीसाठी मोठ्या देणग्या देणाऱ्या प्रदेशांची आणि संस्थानांची नावे ब्रिटिश हवाई दलाने काही स्क्वाड्रनना दिली होती. १२२ वी 'बॉम्बे', १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे', १२४ वी 'बडोदा', १२९ वी 'म्हैसूर' आणि १५२ वी 'हैदराबाद'. या पाचही स्क्वाड्रननी स्पिटफायर उडवली. गायकवाडांच्या बडोद्याचे नाव घेऊन इंग्लंडच्या आकाशात लढलेली स्क्वाड्रन ही मराठी मुलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. तो पैसा शेवटी रयतेचा होता, हेही त्यांना सांगावे.

पूर्वरंग

जाता जाता एक जोड सुचवतो. आपल्याकडे फोकवुल्फ १९० चा संच असेलच. त्याचे 'व्युर्गर' हे नाव आपण ज्याला खाटीक म्हणतो त्या पक्ष्याचे आहे. त्याचे रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांनी 'मरुत' हे आपले जेट लढाऊ विमान रेखले, जे १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. मरुत युद्धकाळातील नसले तरी या दोन प्रतिकृती शेजारी ठेवाव्यात.

प्रतिकृतीकार

मरुतची प्रतिकृती गटातील एका सदस्याकडे आहे, ती मागवतो. पहिल्या स्क्वाड्रनच्या हरिकेनचे काम आजच सुरू केले आहे. संचासोबत आलेल्या चिकटचित्रांत पंखांवरील गोल निशाण लाल ठिपक्याचे आहे, तेच लावावे का?

घारपक्षी

इंफाळचे विमान असेल तर लावू नये. जपानी विमानांवर लाल गोळा असे, आणि लाल रंग दिसताच आपलेच तोफखानेवाले आपल्याच विमानांवर गोळ्या झाडतील अशी भीती होती. म्हणून या आघाडीवरील ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या निशाणांतून लाल रंग पूर्ण काढून टाकला होता. बाहेर गडद निळे आणि आत फिकट निळे वर्तुळ लावा, आणि शेपटीवरील पट्ट्यांतूनही लाल वगळा.